नऊ नंबरचा पाहुणा

नागपुरात थंडी आधी कुठे पडते असं कुणी विचारलं, तर मी सांगेन, गोलपोस्टवर. शहरात अजून पंखे फिरत असतात, स्वेटर पेटीतून निघालेले नसतात, रस्त्यावर संत्र्यांचे हातठेले नुकते दिसायला लागलेले असतात, आणि एका सकाळी मी शाळेच्या ग्राउंडवर येऊन सवयीने खांबाला हात लावतो तर लोखंड बोटांना चावतं. माझा हिवाळा त्या सकाळी सुरू होतो. मी या शाळेत खेळ शिकवतो. मुलींची फुटबॉल टीम माझ्याकडे आहे. त्या यायच्या आधी नेट बांधायचं, कोपऱ्यांत झेंडे रोवायचे, दवाने ओल्या गवतावरून एक फेरी मारायची, एवढा वेळ मी एकटा असतो. पलीकडचा गोल धुक्यात दिसत नाही. तिकडे कुणीतरी उभं आहे असं वाटत राहतं.

मी गोलकीपर होतो. गोलकीपरला आपली सगळी माणसं पाठमोरी दिसतात. टीममधल्या दहा जणांच्या पाठी मला जेवढ्या ओळखीच्या होत्या तेवढे त्यांचे चेहरेही नसतील. कोण थकला, कोण चिडला, कोणाचं लक्ष आज घरी लागलं आहे, हे मला खांद्यांवरून कळायचं. त्यातली सगळ्यात लांबची, सगळ्यात लहान दिसणारी पाठ स्ट्रायकरची, नऊ नंबरची. त्याच्या वाट्याला तर आपली माणसं दिसतही नाहीत. सगळी मागे असतात, आणि समोर फक्त त्याला अडवायला उभे असलेले चेहरे. एका हिवाळ्यात मी तशी एक पाठ रोज पाहिली. एमिलियानोची. तो मेक्सिकोहून आला होता आणि एकोणीस वर्षांचा होता.

तेव्हा मी चोवीसचा होतो. सावनेरच्या पुढे आमचं गाव. बाबा कोळशाच्या खाणीत, आई शेतात. नागपूरच्या एका लहानशा क्लबने मला राहायला कामठी रोडवर टायरच्या दुकानावरची एक खोली दिली होती, आणि आमचे कोच रहीमभाई एका संध्याकाळी त्या खोलीत दुसरी खाट टाकून गेले. परदेशी स्ट्रायकर येतो आहे म्हणाले. आम्ही सगळे खाली रस्त्यावर जाऊन उभे राहिलो. कामठीच्या टूर्नामेंटमध्ये आफ्रिकेतून आलेले खेळाडू आम्ही पाहिले होते, उंचेपुरे, नजर हटू न देणारे. तसंच कुणीतरी येईल अशी आमची समजूत. रहीमभाईंच्या स्कूटरच्या मागच्या सीटवर, मांडीवर बॅग घेऊन जो पोरगा आला तो आमच्यातल्याच कुणाचा चुलतभाऊ शोभला असता. गव्हाळ, बुटका, दाट काळे केस, आणि प्रवासाने उतरलेला चेहरा.

हेच त्याच्या मुळावर आलं. पहिल्याच मॅचला लोक फॉरेनर बघायला आले आणि त्यांना आपण फसवले गेलो असं वाटलं. माझ्या गोलच्या मागे बसलेला एक जण स्पष्ट म्हणाला, "हा कायचा फॉरेनर गा, हा तं काटोलचा वाटते." सगळे हसले. एमिलियानो लांब होता, त्याने ऐकलं नाही, ऐकलं असतं तरी कळलं नसतं. पण पुढे मला दिसत गेलं की शहरात त्याच्यासारखं एकटं कुणी नव्हतं. गोऱ्या माणसाला लोक परका म्हणून सांभाळून घेतात, हातवारे करून समजावतात. याला सरळ मराठीत विचारायचे, ऑटो कुठे नेऊ, भाजी किती देऊ, बाजूला सरक न गा. तो नुसता बघत राहायचा, आणि लोकांना वाटायचं हा घमेंडी आहे, नाहीतर बहिरा.

त्याची कहाणी मला तुकड्यातुकड्यांनी कळली, थोडी त्याच्या मोडक्या इंग्रजीतून, थोडी माझ्या त्याहून मोडक्या इंग्रजीतून, आणि उरलेली मोबाइलमधल्या भाषांतराच्या अ‍ॅपमधून. लहानपणापासून तो त्याच्या शहरातल्या एका क्लबच्या पोरांच्या टीममध्ये होता. अठरा पूर्ण झाल्यावर क्लबने त्याला सोडलं. असे पुष्कळ सोडले जातात, त्यात क्लबांना काही वाटत नाही. मग एक एजंट भेटला. भारतात मोठी लीग आहे, तिथे खेळवतो म्हणाला. दिल्लीत उतरल्यावर काही दिवस एजंटचा फोन लागत होता, मग लागेना. तिथल्या कुणा ओळखीच्या माणसाने रहीमभाईंना विचारलं, पोरगा चांगला आहे, ठेवता का? रहीमभाई नाही म्हणू शकत नसत. असा तो मोठ्या लीगसाठी निघून टायरच्या दुकानावर पोचला.

घरी त्याने हे सांगितलं नव्हतं. रोज सकाळी आईचा फोन यायचा. आपल्याकडे सकाळ असते तेव्हा त्यांच्याकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ. आई कालमध्ये आहे, असं तो म्हणायचा. फोन घेऊन तो गच्चीवर जायचा. गच्चीवरून कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसत. त्याच्या गावातून ज्वालामुखी दिसतो, त्याच्या डोक्यावर असाच पांढरा धूर असतो. आईशी बोलताना तो त्या धुराकडे तोंड करून उभा राहायचा आणि मोठ्याने हसायचा. खाली आला की हसू गेलेलं असायचं. तिला काय सांगितलंस, असं मी सुरुवातीला विचारायचो. सांगितलं की मोठा क्लब आहे, जेवण चांगलं आहे, गोल होत आहेत. मग मी विचारणं सोडलं.

गोल होत नव्हते. तो वाईट खेळत होता असं नाही. तो जिथे बॉल मागायचा तिथे कुणी देत नव्हतं, आणि जिथे ते देत तिथे तो नसायचा. मॅचमध्ये ओरडून सांगायला शब्द लागतात. मागे, डावीकडे, सोड, माझा. हे एवढेसे शब्द त्याच्याजवळ नव्हते. पोरांनी त्याच्या नावाचं इमली करून टाकलं होतं. हिंदीत चिंचेला इमलीच म्हणतात हे कळल्यावर तो इतक्या दिवसांत पहिल्यांदा खळखळून हसला, आणि ग्राउंडच्या कडेच्या झाडाखालची चिंच उचलून मला दाखवत म्हणाला, तामारिंदो. त्यांच्याकडे तिच्या तिखट गोळ्या मिळतात. मराठीतला त्याने उचललेला पहिला शब्द मात्र "काहून". आम्ही उठता बसता तोच वापरतो म्हणून. काही झालं की तो विचारायचा, काहून? बस उशिरा काहून, रहीमभाई रागावले काहून, कुत्रा भुंकतो काहून. विचारायला त्याला यायचं. उत्तर कळायचं नाही.

दिवाळी होऊन गेली होती. एका संध्याकाळी तो बर्डीच्या फुलबाजारातून झेंडूची मोठी पिशवी घेऊन आला. सणाची उरलेली, थोडी सुकलेली फुलं. मला वाटलं, आपल्या लोकांचं बघून याला हौस आली. त्याने खाटेखालची माझी लोखंडी पेटी ओढली, मला विचारून तिच्यावर टॉवेल अंथरला, फुलं पसरली, पाण्याचा ग्लास ठेवला, दोन मेणबत्त्या लावल्या. मग मधोमध आपला मोबाइल उभा केला. मोबाइलवर एका तरुण माणसाचा फोटो होता, ट्रकला टेकून उभा असलेला. मोठा भाऊ. ट्रकवरच कामाला होता, रस्त्यात गेला. डाव्या पायाने मारायला त्याने शिकवलं होतं. त्यांच्याकडे या दिवसांत गेलेली माणसं घरी येतात आणि झेंडूच्या वासावरून त्यांना घर सापडतं, असं त्याने मला सांगितलं. मी म्हटलं, इथवर कसं सापडेल? तो म्हणाला, म्हणूनच फुलं जास्त आणली.

मोबाइलचा पडदा सारखा विझायचा. विझला की तो हलकेच बोट लावायचा, भाऊ पुन्हा उजळायचा. सेटिंग बदलता येतं हे आम्हा दोघांनाही माहीत होतं, पण त्या वेळी सुचलं नाही, किंवा कुणालाच सुचवावंसं वाटलं नाही. आमच्या घरी बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावतात. मी लहानपणी जसा बसायचो तसा मांडी घालून त्याच्या शेजारी बसलो. थोड्या वेळाने तो तोंड धुवायला उठला आणि पडदा अंधारायला लागला, तेव्हा मी बोट लावलं. परत येऊन त्याने ते पाहिलं. मग आळीपाळीने आम्ही दोघं त्याच्या भावाला जागं ठेवत बसलो. खोलीत टायरच्या रबराचा वास कायमचा असायचा. त्या संध्याकाळी तो झेंडूच्या वासाखाली दबला होता.

पुढे त्याचा घोटा मुरगळला आणि मी त्याला धंतोलीत डॉक्टरांकडे घेऊन गेलो. तिथे बाकावर सगळा विदर्भ बसलेला. आर्वीहून आलेली एक म्हातारी मावशी, सोबत दोन मुलं, एक सून, डब्यांची पिशवी. तिने एमिलियानोच्या सुजलेल्या पायाकडे पाहिलं आणि त्याला विचारलं, काय झालं बाप्पा? मी सांगितलं की त्याला मराठी येत नाही, तो मेक्सिकोचा आहे. तिने जरा विचार केला आणि विचारलं, ते चंद्रपूरकडं येते का? मी म्हटलं, त्याच्याही पुढे, समुद्रापलीकडे. तिला तो प्रवास कळला की नाही कोण जाणे, पण तिने लगेच दुसरा प्रश्न विचारला.

"मंग त्याच्यासंगं कोण आलं?"

मी म्हटलं, मी आलो न.

"तू त्याचा कोण?"

मित्र म्हणावं इतकं आम्ही एकमेकांशी बोलूच शकत नव्हतो. आमच्या टीमचा आहे, असं काहीतरी मी पुटपुटलो. मावशीने मान हलवली, पिशवीतून एक संत्रं काढलं, सोललं, आणि अर्धं त्याला, अर्धं मला दिलं. तो प्रश्न पुढे बरेच दिवस माझ्या मागे होता. एखाद्या माणसासोबत तुम्ही खोली, साबण, बादली, पावडरच्या दुधाचा चहा सगळं वाटून घेता आणि तरी तुम्ही त्याचे कोण हे सांगता येत नाही.

पाय बरा होईपर्यंत त्याची जागा गेली होती. रहीमभाईंनी कामठीचाच एक जुना स्ट्रायकर पुढे घातला आणि त्याचे गोल व्हायला लागले. एमिलियानो बेंचवर बसायचा. मॅचभर त्याची पाठ दिसेनाशी झाली आणि मला मैदान अर्धवट वाटायला लागलं. याच दिवसांत मी त्याला एका रविवारी गावी नेलं. आईला फक्त इतकं सांगितलं होतं की मित्र येतो आहे, मराठी येत नाही. कापूस वेचून ती नुकतीच शेतातून आली होती. तुरीच्या सोल्याची भाजी केली आणि अंगणातल्या चुलीवर ज्वारीच्या भाकरी थापायला बसली. एमिलियानो आधी ओट्यावर माझ्या बाबांशेजारी बसला होता. भाकरी थापल्याचा आवाज सुरू झाला तसा तो उठला, चुलीजवळ जाऊन उकिडवा बसला आणि तिच्या हातांकडे बघत राहिला. बराच वेळ. धूर त्याच्या डोळ्यांत जात होता, तरी हलला नाही.

शेवटी आईने परातीतला गोळा त्याच्यापुढे सरकवला. त्याने तो दोन्ही तळव्यांमध्ये घेतला, हवेतच, परातीला न टेकवता, आणि या हातावरून त्या हातावर टाळ्या वाजवल्यासारखा थापत गेला. त्याच्या घरी मक्याच्या करतात तशा. ज्वारीला तो चिकटपणा नाही, कडा फाटल्या, तुकडे झाले. आई हसली नाही. तिने पाण्याचा हात लावून तुकडे जोडले आणि ती वाकडी भाकर तव्यावर टाकली. "माय असन याची अशीच," ती मला म्हणाली. "हात पाहून समजते." जेवताना तिने ती भाकर त्याच्या ताटात न वाढता स्वतःच्या ताटात घेतली. परतताना बसमध्ये तो खिडकीला डोकं टेकून होता. कापसाच्या गाड्या उलट दिशेने जात होत्या.

जानेवारीत तो मला प्रॅक्टिसनंतर थांबवून घ्यायला लागला. बाकीची पोरं घरी जायची आणि आम्ही दोघं अंधार पडेस्तोवर. तो मारायचा, मी अडवायचो. डाव्या पायाचे त्याचे शॉट हवेत असताना सरळ यायचे आणि शेवटच्या हातभर अंतरात वळायचे. आधी मला एकही सापडेना. मी त्याच्या पायाकडे बघत उभा राहायचो. एके दिवशी तो चालत माझ्यापर्यंत आला, माझी हनुवटी धरून नजर जराशी वर केली, आणि आपल्या कमरेवर हात ठेवून म्हणाला, पैर झूठा, कमर सच्चा. टीममध्ये शिकलेल्या हिंदीत. मग मी कमरेकडे बघायला लागलो. हळूहळू सापडायला लागले. मी अडवला की तो वैतागायचा नाही. अंगठा वर करायचा, आणि पुढचा शॉट अजून अवघड मारायचा. थंडीने आणि बॉलने माझे तळवे संध्याकाळी लाल झालेले असायचे. त्या दिवसांसारखा खेळ मी पुन्हा कधी खेळलो नाही, आणि बघायला कुणी नव्हतं.

हिवाळा संपता संपता कामठीच्या टूर्नामेंटमध्ये आम्ही फायनलला पोचलो. रहीमभाईंनी आदल्या दिवशी सांगितलं की कोलकात्याच्या दुसऱ्या फळीतल्या एका क्लबचे लोक बघायला येणार आहेत, त्यांना परदेशी स्ट्रायकर हवा आहे. ते कोणाला बघायला येत आहेत हे सांगायची गरज नव्हती. एमिलियानोने त्या संध्याकाळी बूट धुतले, लेस काढून वेगळ्या धुतल्या, आणि सकाळी आईला फोनवर काय सांगितलं कोण जाणे, पण या वेळी गच्चीवरून उतरला तेव्हाही हसू चेहऱ्यावर होतं.

कामठीत फायनल म्हणजे गाव लोटतं. भिंतींवर, झाडांवर, पाण्याच्या टँकरवर माणसं. रहीमभाईंनी त्याला दुसऱ्या हाफमध्ये उतरवलं. मी माझ्या टोकावरून ती पाठ पुन्हा बघितली आणि खांद्यांवरून मला कळलं की आज तो घाबरलेला नाही. एकदा त्याने दोघांना चकवून डाव्या पायाने मारला. बॉल वळला, तसाच जसा माझ्यावर रोज वळायचा, आणि बारला लागून बाहेर गेला. बारचा आवाज माझ्यापर्यंत आला. लोक उठून उभे राहिले होते, ते खाली बसले. गोल कुणाचाच झाला नाही आणि मॅच पेनल्टीवर गेली. त्याने आपली पेनल्टी शांतपणे जाळ्यात घातली. मी तीन अडवल्या. मी पायांकडे एकदाही बघितलं नाही.

आम्ही जिंकलो. ढोल, गुलाल, कुणीतरी मला खांद्यावर घेतलं, उतरवलं. गर्दी थोडी पांगल्यावर रहीमभाई कडेला त्या पाहुण्यांशी बोलताना दिसले. एमिलियानो आणि मी पाण्याची बाटली घेऊन उभे होतो. रहीमभाईंनी मान वळवून हाताने बोलावलं, आणि एमिलियानो बाटली माझ्या हातात देऊन पुढे निघाला. चार पावलं गेला असेल.

"तू नाही बेटा," रहीमभाई म्हणाले. आवाज अगदी हळू होता. "तो."

नाही हा शब्द त्याला येत होता. तो जागीच थांबला. मला वाटलं, मी हललो नाही तर हे सगळं झालंच नाही असं होईल, म्हणून मीही हललो नाही. मग तो वळला, माझ्याकडे आला, बाटली माझ्या हातातून परत घेतली आणि माझ्या पाठीवर हात ठेवून मला पुढे ढकललं. एवढ्या महिन्यांत मी त्याच्या पाठीकडे बघत आलो होतो. त्या दिवशी तो मागे होता.

खोलीवर आल्यावर मी सांगितलं की मी कोलकात्याला जात नाही. तो खाटेवर बसून बुटांचा चिखल काढत होता. "काहून?" त्याने विचारलं. मला इंग्रजीत सांगता येईना, म्हणून मराठीतच बोललो, ते लोक तुझ्यासाठी आले होते, मला कसं जावंसं वाटेल. त्याला किती कळलं माहीत नाही. त्याने बूट बाजूला ठेवले आणि मोबाइलवर बराच वेळ काहीतरी लिहिलं, खोडलं, लिहिलं. मग बटण दाबलं. अ‍ॅपमधल्या त्या बाईच्या सपाट, पुस्तकी आवाजात खोलीत मराठी ऐकू आलं:

"जर आपण गेला नाहीत, तर मी येथे कशासाठी आलो होतो?"

मी हसलो आणि मला रडू आलं. "आपण" म्हटल्यामुळे असेल. दुसऱ्या दिवशी त्याने मला बाजारात नेलं. एक स्टीलचं ताट, एक ग्लास, एक चमचा आणि उशीचा नवा अभ्रा माझ्यासाठी घ्यायला लावला. परक्या गावात पहिल्या दिवशी आपल्या ताटात जेवायचं, हे त्याने हातवाऱ्यांनी समजावलं. दिल्लीत त्याच्याजवळ ताट नव्हतं.

कोलकात्यात मी जेमतेम दोन सीझन टिकलो, त्यातला बराच काळ बेंचवर. तिथल्या खोलीत बाकीचे बंगालीत बोलायचे, हसायचे, आणि मी ताट मांडीवर घेऊन भिंतीला टेकून जेवायचो. माशांच्या रश्शाचा वास, खिडकीबाहेर ओली भिंत, आणि नागपूरपेक्षा लवकर मावळणारा दिवस. तिथे मला कळलं की त्या हिवाळ्यात मला एमिलियानोचं जेवढं दिसलं ते फार थोडं होतं. मी निदान हिंदी बोलू शकत होतो. गाडीत बसलो की दुसऱ्या दिवशी घरी पोचू शकत होतो. पुढे गुडघ्याने दगा दिला, मी परत आलो, आणि या शाळेत लागलो. एमिलियानो नंतर ग्वाटेमालात खेळला, तिथून आणखी एका छोट्या देशात, आणि आता आपल्या गावाजवळच्या कुठल्याशा क्लबात आहे. तिथे सगळे त्याची भाषा बोलतात. अधूनमधून एखादा व्हिडिओ पाठवतो. डावा पाय तसाच आहे. बघताना माझी नजर आपोआप कमरेवर जाते.

मला मात्र आज सांगायचं आहे ते तो गेला त्या दिवसाचं. तेव्हा मला कोलकात्यात जाऊन काही आठवडे झाले होते. त्याचा व्हिसा संपत आला होता, तिकीट कसंबसं झालं होतं. रहीमभाई पोरांना घेऊन बाहेरगावी गेले होते आणि बाकीची टीम ज्याच्या त्याच्या कामावर. आईशी फोनवर बोलताना मी सहज म्हणालो की इमली उद्या दुपारच्या विमानाने चालला आहे आणि त्याला पोचवायला कुणीच नाही. ती बरं म्हणाली आणि शेतातलं काहीतरी सांगायला लागली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचा फोन आला. ती सकाळच्या एसटीने सावनेरहून नागपूरला गेली होती, तिथून विचारत विचारत सोनेगावला विमानतळावर. याआधी ती कधी तिकडे गेली नव्हती. तिकिटाशिवाय आत सोडत नाहीत हे तिला पोलिसाने सांगितलं, म्हणून ती दाराबाहेरच उन्हात उभी राहिली. तो आला, तिला बघून थबकला, आणि बॅग जमिनीवर ठेवली.

मी विचारलं, तू काहून गेली वं एवढ्या लांब?

"कोणाचं तरी लेकरू आहे," ती म्हणाली. "एकटंच जाऊ द्याचं का?"

मग तिने सांगितलं की त्याने तिच्यापुढे डोकं वाकवलं आणि तिचा हात धरून आपल्या कपाळाला लावला. त्यांच्यात काय रीत असते हे तिला माहीत नव्हतं, म्हणून तिने आपला हात तसाच ठेवला, तो सोडेपर्यंत. पोचला का फोन करजो, असं ती त्याला म्हणाली आणि समजावं म्हणून मुठीचा फोन करून कानाला लावून दाखवला. त्याने तिचा मोबाइल घेतला, त्यावरून आपला नंबर लावला, आणि आत गेला. काच होती, त्यामुळे बराच वेळ दिसत राहिला. मग दिसेना तेव्हा ती निघाली.

त्यानंतर काही दिवसांनी, कोलकात्यात, सरावाहून येऊन मी खाटेवर पडलो होतो. आईचा पुन्हा फोन. लांबलचक नंबरवरून तिला फोन आला होता. आधी तोच बोलला. तिला काही कळलं नाही, पण आवाज ओळखला. मग त्याने फोन कुणाला तरी दिला आणि एक बाई बोलायला लागली. भरभर, न थांबता. त्याची माय असणार, दुसरं कोण?

"मंग तू काय केलं?" मी विचारलं.

"मी बी बोलली. ती थांबली का मी बोलाची, मी थांबली का ती."

"काय बोलली वं तिले?"

"म्हणलं, लय वाळला आहे पोट्टा. खाऊ घाल त्याले."

"अन् ती काय म्हणे?"

पलीकडे आईच्या बांगड्यांचा आवाज आला, बाबांच्या रेडिओचा आला.

"तेच म्हणत असन," ती म्हणाली, "तुह्याबद्दल."